पाट्या वाचणारी

माणूस जातो आणि आठवणी उरतात, हे चिरंतन सत्य आहे. आठवणी उरायच्या असतील तर माणूस जाण्याआधीच त्या तयार करून ठेवाव्या लागतात, हे त्याहून चिरंतन. ही दोन्ही सत्यं चष्मेवाल्यांच्या थोरल्या लेकीला एका टॉनिकच्या कॅलेंडरवर सापडली होती. कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं होतं, पण सत्यं अजून चालू होती.

थोरली शाळेत शिकवायची, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट ती उपक्रम म्हणून हाती घ्यायची. दर वर्षी सुट्टीत चार दिवस समुद्रकाठच्या त्याच लॉजवर, वरच्या मजल्यावरच्या त्याच कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन राहायचं, हा या घराचा बावीस वर्षांचा नेम होता. सकाळी सहाला निघायचं, सव्वासहाला कोणीतरी "गॅस बंद केला का?" असं विचारायचं, साडेसहाला परत येऊन बंद असलेला गॅस डोळ्यांनी बघायचा, आणि सातला खरं निघायचं. गाडी चष्मेवाल्यांची आणि चालवायचेही तेच. शेजारच्या सीटवर आई. मागे बाकीचे.

आई जाऊन नऊ महिने झाले होते. यंदा जायचं का, यावर धाकटा मुलगा "बघू" म्हणाला, सूनबाई "तुम्ही ठरवाल तसं" म्हणाली, आणि थोरली म्हणाली, "जायचंच. आईसाठी जायचं." आईसाठी म्हटल्यावर पुढे कोण बोलणार?

निघायच्या दिवशी थोरलीने गाडीच्या दारात उभं राहून नियम सांगितले. हातात पोळ्यांचा रिकामा डबा होता.

"फोन बंद करून सगळ्यांनी यात टाका. चार दिवस कोणी फोनला हात लावायचा नाही. आईची सीट रिकामी राहील, तिथे कोणी बसायचं नाही आणि पिशव्याही ठेवायच्या नाहीत. आणि पाट्या कोणी वाचायच्या नाहीत."

"कुठल्या पाट्या?" सूनबाईने विचारलं. या घरात येऊन तिला अजून वर्षही झालं नव्हतं.

"रस्त्यावरच्या. ते आईचं होतं. तिच्याबरोबर गेलं."

चष्मेवाल्यांचा हात गाडीच्या टपावर होता, तो तिथेच राहिला. "एखादी वाचली तर?" ते म्हणाले.

"नको ना बाबा. मला ऐकवणार नाही."

"बरं," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी आपला फोन डब्यात टाकला.

चष्मेवाल्यांना पाट्या दिसत नव्हत्या.

चार वर्षं झाली होती. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता आणि त्यावर चष्मा चालत नाही, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला ठाऊक असणार! रस्ता दिसे, रस्त्याच्या कडा दिसत, समोरून येणारा ट्रक तर नको तितका दिसे. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसलं जाई, ओल्या अंगठ्याने कोणी फिरवल्यासारखं. चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. गिऱ्हाईक चुकलं की ते इतक्या तत्परतेने दुरुस्त करत, की गिऱ्हाईकाला वाटे, या वयात काय नजर आहे माणसाची! दिव्याखाली अंधार ही म्हण दुकानाच्या दारावर लिहिली असती, तर येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचली असती. मालकाने सोडून.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. तोंडाचं बोळकं झालेल्या दातांच्या डॉक्टरकडे लोक जात नाहीत, तसेच ते डोळे गेलेल्या चष्मेवाल्याकडेही येत नाहीत. गाडीची चावी धाकट्याला द्यायची तर तो कारण विचारणार. कारण सांगितलं की दुकान गेलं, गाडी गेली, आणि उरलेलं आयुष्य मुलांनी हाताला धरून रस्ता ओलांडून देण्यात जाणार.

बायकोलाही सांगितलं नव्हतं. फक्त एकदा, चार वर्षांपूर्वी, दोघंच कुठेतरी जात असताना ते वळण सोडून सरळ पुढे निघून गेले. बायको काही बोलली नाही. परतताना तेच वळण यायच्या जरा आधी ती म्हणाली, "अहो, उजवीकडे." तेव्हापासून दोघंच असले की ती लागेल तेवढंच सांगायची. डावीकडे. पुढे खड्डा. आता सरळ. बाकी वाटभर गप्प.

मुलं मागे बसली की मात्र तिचा रेडिओ सुरू व्हायचा. पुढे धोक्याचं वळण, सावकाश. टायरचं दुकान. शुद्ध लोण्याचं दुकान. पुन्हा टायर. इथे मूळव्याधीवर खात्रीचा इलाज. पुढच्या फाट्यावरून डावीकडे वळा. अगं बाई, परत मूळव्याध, हा काय बसून खायचा रस्ता आहे का! मागे हशा पिकायचा. चाळीस निरुपयोगी पाट्यांच्या गर्दीत एक उपयोगाची पाटी ती अशी बेमालूम घालायची, की कोणाच्या लक्षात येऊ नये. आलंही नाही. लक्षात आलं ते एवढंच, की आईला तोंड मिटता येत नाही. तेरावा झाल्यावर सगळे बसले होते, तेव्हा धाकट्याने तिची नक्कल केली होती आणि रडून दमलेली माणसं खदखदून हसली होती. चष्मेवालेही हसले होते.

ते तेवढंच नव्हतं. दर वर्षी, अर्ध्या रस्त्यात, मुलं हसायला लागली की तेही म्हणायचे, "अगं, तुझा रेडिओ बंद कर जरा." मुलांना संशय नको म्हणून. तिला ते कळत असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. विचारलं नव्हतं.

या खेपेला त्यांनी आठवडाभर रस्ता पाठ केला होता, तक्त्यासारखाच. पेट्रोल पंप, मग पूल, दोन गतिरोधक, मोठ्या झाडाशी डावीकडे. पहिला दीड तास तक्ता बरोबर निघाला. मग पूल आला, गतिरोधक आले, आणि झाड आलं नाही. रस्ता रुंद करताना झाड तोडलं होतं.

चष्मेवाल्यांनी गाडी इतकी हळू केली, की मागून एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

"बाबा, आपण वरातीत आहोत का?" धाकटा म्हणाला.

"ती पाटी बघा रे," चष्मेवाले शक्य तितक्या सहज म्हणाले. "कसली मेली रंगवली आहे."

"बाबा!" थोरली म्हणाली. "म्हटलं होतं ना मी, नको म्हणून."

"मी वाच म्हटलं नाही. बघ म्हटलं."

"बघितली की वाचली जाते. मला तिचाच आवाज येतो." थोरलीने पदर डोळ्यांना लावला. धाकट्याने खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे पाट्या नसलेल्या बाजूला. तेवढ्यात पुढच्या एसटीसारख्या मोठ्या बसने डावीकडे वळणाचा दिवा लावला. बसच्या टपावर सामान दिसत होतं, तेव्हा ती समुद्राकडेच जाणार असं मानून चष्मेवाले तिच्या मागे वळले. देवाच्या नाही तरी बसच्या भरवशावर आणखी पाऊण तास निघाला.

मग थोरलीने वही काढली. प्रत्येकाने आईची एक आठवण सांगायची, असा पुढचा उपक्रम होता. तिने स्वतः सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला तिला रडू आलं, म्हणून वही धाकट्याकडे गेली.

"मी नियम मोडत नाही, ताई. ही पाटी नाही, ही आठवण आहे," असं म्हणून त्याने गळा साफ केला आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाला, "अहो, टायर! अहो, पुन्हा टायर! अहो, सावकाश, मूळव्याध!"

थोरली रडता रडता हसली. पुढे बसलेल्या चष्मेवाल्यांनी आरशात बघितलं. आरशात नेमका मधला चेहरा पुसलेला होता.

"पण," सूनबाई म्हणाली, "घरी त्या किती कमी बोलायच्या. माझ्याशी दिवसात दहा वाक्यं. मला आधी वाटलं, रागावल्यात की काय."

"गाडीत बसली की सुटायची," धाकटा म्हणाला.

"तेच म्हणते मी. गाडीतच का?"

"हौस, दुसरं काय! बाबा, तुम्ही सांगा ना तुमची आठवण."

चष्मेवाल्यांच्या जिभेवर आलं होतं. रस्ता मोकळा होता, गाडीत कोणी परकं नव्हतं, आणि विचारलंही होतं. ते म्हणाले, "मला गाडी चालवू द्या."

"बाबांना त्रास होतोय," थोरलीने हळूच निदान केलं. "आपण दोन मिनिटं शांत बसू या. डोळे मिटून. बाबा, तुम्ही उघडे ठेवले तरी चालतील."

मागच्या तिघांनी डोळे मिटले. फाटा त्या दोन मिनिटांत आला.

मधोमध एक मोठी पाटी होती. तिचे खांब दिसत होते, चौकट दिसत होती, आणि चौकटीच्या आत अंगठ्याने फिरवलेला करडा डाग. मागे तीन माणसं आईच्या आठवणीत इतकी बुडाली होती, की श्वासही ऐकू येत नव्हता. चष्मेवाल्यांनी डोळा तिरका करून कडेने बघितलं, अक्षरं हलली, हाती लागली नाहीत. त्यांनी उजवा रस्ता धरला, कारण तो नवा आणि गुळगुळीत होता.

तो नवा होता, कारण तो अजून पुरा झालेला नव्हता.

"बाबा!" सूनबाई किंचाळली. तिने डोळे आधी उघडले होते. ब्रेक लागला, थर्मास पुढे येऊन आपटला, फोनचा डबा उघडून चारही फोन पायांशी सांडले. बॉनेटपुढे दोन पिंपं होती, पिंपांवर आडवा बांबू होता, आणि बांबूच्या पलीकडे रस्ता नव्हता. खाली दोन माणसं उंचीचा चर होता आणि त्यात डोक्यावर टोप घातलेला एक मजूर वर बघत होता.

"दिसत नाही का?" मजूर ओरडला. "तिकडे फाट्यावर हत्तीएवढी पाटी लावली आहे, रस्ता बंद म्हणून!"

धाकटा उतरून पुढे आला. चराकडे बघून त्याचा आवाज चढला. "बाबा, अहो, खरंच दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही," चष्मेवाले म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही दिसत. चार वर्षं झाली. अक्षर दिसत नाही."

ते गाडीतून उतरले नाहीत. हात स्टिअरिंगवरच होते. थोरली मागच्या दारातून बाहेर आली, वही हातात तशीच. "चार वर्षं तुम्ही आम्हाला घेऊन येताय. कसं?"

"तुझी आई वाचायची ना."

 खाली चरात फावड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"सगळ्या पाट्या वाचायची," धाकटा म्हणाला. त्याला अजून ते नीट धरता येत नव्हतं. "ती तर टायरची पण... मूळव्याधीची पण..."

"तुम्ही बरोबर असलात की सगळ्या. आम्ही दोघंच असलो की लागतील तेवढ्याच."

धाकटा पिंपाला टेकला. पिंप डांबराचं होतं, डांबर पँटला लागलं, त्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांना हसवणारा तो आता कसंबसं तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करत होता, आणि ते जमत नव्हतं.

थोरली खिडकीशी वाकली. "आईने तुम्हाला विचारलं होतं कधी?"

"नाही."

"तुम्ही सांगितलं होतं तिला?"

"नाही."

"मग निदान कधी तिला बरं वाटेल असं काही तरी, बाबा, एखादा शब्द..."

"मी रेडिओ बंद कर म्हणायचो," चष्मेवाले म्हणाले. "तुमच्या देखत. तेवढंच."

थोरलीने वही मिटली. ती चिडेल, ओरडेल, अशी चष्मेवाल्यांनी तयारी ठेवली होती. तिने फक्त खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हातात चावी घेऊन ती तशीच उभी राहिली. वर्गात एखाद्या पोराची चूक सापडावी आणि त्या चुकीत आपलाही हात आहे हे तेव्हाच कळावं, तशी.

पुढे धाकट्याने गाडी चालवली. चष्मेवाल्यांना बायकोच्या सीटवर बसवलं. नियमाबद्दल कोणी बोललं नाही. ती सीट बरीच पुढे ओढलेली होती, तिच्या उंचीला, त्यामुळे त्यांचे गुडघे समोर टेकत होते. मागे सरकवू का, असं धाकट्याने विचारलं. ते नको म्हणाले.

फाट्यावर थोरलीने पाटी वाचायला तोंड उघडलं. पहिल्या शब्दाला तिचा आवाज फुटला. मग सूनबाईने वाचली, सरळ, बातम्या सांगतात तशी, आणि पुढच्या सगळ्याच तिने वाचल्या. टायरचं दुकान आलं तेव्हा ती अडखळली.

"वाच," चष्मेवाले म्हणाले.

"टायरचं दुकान," सूनबाई म्हणाली. कोणी हसलं नाही.

पाठ केलेल्या तक्त्यातलं आता काही उरलं नव्हतं, म्हणून ते नुसते ऐकत होते. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि जिला सांगायला हवं होतं तिला सोडून सगळ्यांना सांगून झालं होतं. सोमवारी दुकानाचं काय करायचं, हे धाकटा आणि थोरली मागेपुढे हलक्या आवाजात बोलत होते, जणू त्यांना ऐकूही येत नाही.

दीडच्या सुमारास ते लॉजवर पोचले. समुद्र होता तिथेच होता. मालक बाहेर आले, बाई गेल्याचं ऐकून खरंच हळहळले, चौघांना पाणी दिलं. मग म्हणाले, "पण तुम्ही येणार हे मला कळलंच नाही. बाईंचा फोन दर वर्षी दोन महिने आधी यायचा. यंदा आला नाही."

धाकट्याने थोरलीकडे बघितलं. थोरलीने धाकट्याकडे.

कोपऱ्यातल्या खोलीच्या गॅलरीत दुसऱ्या कोणाचे टॉवेल वाळत होते. सुट्टीचे दिवस होते. गावात कुठेच खोली नव्हती.