कासवाची मान

गोकुळ फायबरचे प्राणी बनवायचा. पडेगावच्या पुढं, खुलताबादच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडमागं दोन खोल्यांचं घर. बागांना, शाळांना आणि ढाब्यांना त्यानं आजवर बरेच ससे, काही जिराफ आणि एक डायनासोर पुरवला होता. डायनासोरबद्दल तक्रार आली नाही, कारण खरा डायनासोर कुणी पाहिलेला नव्हता.

उन्हाळ्यात ऋतुराज देशमुख नावाचे एका बागेचे मालक महाकाय कासवाची ऑर्डर घेऊन आले.

"चार पोरं पाठीवर बसली पाहिजेत," ते म्हणाले. "आणि खरं वाटलं पाहिजे. मागच्या माणसानं उलटं घमेलं रंगवून आणलं होतं."

पाठ सोपी होती. अडलं मानेपाशी. आधी मातीत नमुना घडवायचा, तर कातडीच्या सुरकुत्या कुठून निघतात आणि कुठं मोडतात हे जवळून दिसायला हवं. असली कासवं राहतात समुद्रापार. त्यामुळे गोकुळ आणि त्याची बायको तनुजा जेवणं झाली की मोबाइलवर फोटो शोधत बसायचे. फोटो ढीगभर होते. बहुतेकांत कासवापुढं एखादा पर्यटक हसत बसलेला असायचा आणि मान नेमकी त्याच्या टोपीमागं. जवळून काढलेल्या फोटोंवर विकणाऱ्या कंपनीचं नाव मानेवरूनच आडवं गेलेलं. एक फोटो मात्र फार सुंदर होता, सुरकुती न् सुरकुती दिसत होती. गोकुळनं त्यावरून माती लावायला घेतली. मग तनुजानं पाय मोजले.

"अहो, पाच आहेत," ती म्हणाली. "कंप्युटरनं काढलंय हे."

त्याच आठवड्यात गोकुळची आई, द्वारकाबाई, मोतीबिंदू काढायला पिशोरहून आली. ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ती शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्यानं कोण चाललंय ते बघायला मान लांब करायची. एकदा गोकुळ तिच्यासमोर चहा पीत होता. तो कप तसाच धरून बघत राहिला.

"आई, जरा अशीच थांब."

"काय झालं रे?"

"काय नाय. फोटो काढतो."

"काढ की."

त्यानं मानेचे फोटो काढले. मग कोपराचे, मग हनुवटीखालचे. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई केस विंचरून, हिरवं लुगडं नेसून बसली. चार दिवसांनी दुपारी तिनं पिशोरला बहिणीला, कडूबाईला, फोन लावला.

"गोकुळ रोज माझे फोटो काढतो. आधी फोनवर दोन शब्द बोलायचा नाय. आता समोरून हालत नाय. आई, पाणी गिळ, म्हणतो. लई जीव लावतो गं."

हे तनुजानं ऐकलं, शेडात जाऊन नवऱ्याच्या कानावर घातलं आणि म्हणाली, "अहो, सांगून टाका त्यांना."

"मान झाली की सांगतो."

मान झाली. मग टाचा राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी काळा चष्मा काढला त्या दिवशी द्वारकाबाईला कित्येक वर्षांत पहिल्यांदा लख्ख दिसायला लागलं. ती घरात न जाता आधी शेडात शिरली. भिंतीवर कासवाची चित्रं चिकटवली होती आणि शेजारी छापून आणलेले तिचे फोटो.

"हे कासव," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् हा माझ्या लुगड्याचा काठ."

"आई, तसं नाय ते."

"मग कसं?"

गोकुळनं विचार केला. ते तसंच होतं. तनुजा गॅसवरचं बघायला आत गेली. गॅस बंद होता.

द्वारकाबाई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. जेवताना फक्त तनुजाला म्हणाली, "त्याला सांग, भाकरी घे." जेवण उरकून गोकुळनं हात धुतले. तिला दाखवायला एखादा चांगला फोटो असावा म्हणून त्यानं मोबाइल काढला. मान, कोपर, टाच, पुन्हा मान. शेवटापर्यंत बघितलं, परत पहिल्यापासून बघितलं. आईचा अख्खा चेहरा एकाही फोटोत नव्हता.

सकाळी तो तिच्या खुर्चीशी गेला. "चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं."

"इचारलं असतं तर मी नाय म्हणले असते व्हय? कासव काय वाईट जनावर हाय? पन मी कडूबाईला काय सांगून बसले, तुला म्हाईत नाय."

"म्हाईत हाय."

"मग तर लईच वाईट." तिनं पदर सारखा केला. "एक फोटो काढ आता. तोंडासकट."

त्यानं काढला. ती आधारकार्डाला बसावं तशी बसली होती. फोटो झाल्यावर गोकुळ उठायला लागला.

"बस की. कुठं पळतो?"

तो खाली बसला. तिनं मग म्हशीचं, विहिरीच्या मोटारीचं, शेजारच्या पारूबाईच्या सुनेचं सांगितलं. यातलं बरंच तिनं फोनवर आधी सांगितलं होतं, पण त्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं. शेडात कालवून ठेवलेलं प्लास्टर बादलीतच दगड झालं.

कासव टेम्पोतून बागेत गेलं. देशमुखांनी मानेवरून हात फिरवला.

"जिवंत वाटतंय राव! फोटो कुठून मिळवले?"

"ओळखीतून," गोकुळ म्हणाला.

देशमुखांनी तिथंच हत्तीची ऑर्डर दिली. आई पिशोरला परतली होती. गोकुळनं संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं.

"चांगलं झालं," द्वारकाबाई म्हणाली. "पन हत्तीला मी नाय बसायची. तुझ्या सासूला इचार."

तनुजा शेजारीच भाजी निवडत होती आणि फोन स्पीकरवर होता.