जिले अडचण येत नाही

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टर बाईनं विचारलं.

मी म्हटलं, "बारावीत असताना."

तिचा पेन थांबला. तिले वाटलं मी मजाक करून राह्यली. कागदावर माह्यं वय पाहिलं, चौतीस. मंग म्हणाली, "आणि इतकी वर्षं तुम्ही काय केलं?"

"धावली," मी म्हटलं. दुसरं काय सांगू?

आन् खरंच तेवढंच केलं. शाळेत धावली, जिल्ह्यात धावली, मॅरेथॉन धावली, धावता धावता पोलिसात लागली. मागच्या उन्हाळ्यात यवतमाळले चौकात ड्यूटी होती. फुटपाथवरून खाली पाय ठेवला आन् कडकन हाड मोडलं. गाडी नाही, धक्का नाही, नुसता पाय ठेवला! हाडाचा डॉक्टर म्हणे, ही हाडं साठीच्या बाईची आहेत, बायकांच्या डॉक्टरकडे जा. म्हणून मी तिथं बसली होती.

रिपोर्ट पाहून बाईनं सरळच सांगतलं. पन्नाशीत जे होते ते माह्यं होऊन गेलं. पाळी आता येणार नाही. अंगातून वाफा निघत, कपडे ओले होत, तेही त्याचंच. मी आपली म्हणत होती, ऊन आहे. यवतमाळात ऊन नाही तर काय बर्फ पडते?

"लेकरू?" मी विचारलं.

"तुमच्या स्वतःच्या बीजापासून फार कठीण आहे."

"धावल्यानं झालं का हे?"

"तसं नाही सांगता येत," ती म्हणाली. "खूप धावलं आणि खाल्लं कमी, की पाळी थांबते. वेळेवर पाहिलं, पोटभर खाल्लं, तर बहुतेक परत येते. तुमच्यात आत दुसरंही काही चाललं असेल, पण कोणी पाहिलंच नाही ना! तेव्हा आल्या असत्या तर काहीतरी केलं असतं. निदान हाडं तरी वाचली असती."

कोणी पाहिलं नाही, असं कसं म्हणता बाई? माह्या अख्ख्या गावानं पाहिलं. पाहिलं आन् आरती ओवाळली.

सांगते. आमचं गाव बाभुळगाव तालुक्यात. दरवर्षी घटस्थापनेले आमच्या देवीच्या मंडळाचे पोट्टे माहूरगडावरून ज्योत आणतात. आदल्या दिवशी टेम्पो करून जातात, रेणुकामायच्या दारात मशाल पेटवतात, आन् तिथून आळीपाळीनं अनवाणी पळत गावापर्यंत. पोरी त्यात नसत. काहून? तर रस्त्यात एखादीले अडचण आली, तर ज्योत विटाळली ना! मी शाळेत सगळ्या पोट्ट्यायच्या पुढं असो, तरी मले टेम्पोत जागा नव्हती.

बारावीच्या वर्षी माह्यी पाळी थांबली होती. घनश्याम सर धावाले शिकवत. त्यायनं सांगतलं होतं तेल बंद, भात बंद, सकाळी एक भाकर आन् संध्याकाळी अर्धी. आईनं सरायले बिचकत बिचकत विचारलं, पोरीले चार महिने झाले, येत नाही. सर खुश झाले. "म्हणजे बॉडी सेट झाली, विमलताई! मोठ्या धावणाऱ्या पोरींचं असंच असते. धावणं सोडलं की आपोआप येते." सर वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या खर्चानं बूट आणून देई. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाली असती मी, तोच तर राग आहे.

मंग माह्या आईनं काय करावं? भर मंडळाच्या बैठकीत, देवळाच्या ओट्यावर, बाप्यायच्या पुढं उभी राहून सांगतलं, "माह्या अर्पिताले अडचण येतच नाही. देवीनंच बंद केली. तिले ज्योत घेऊ द्या." मी लाजेनं मेली. पण मंडळाचे अध्यक्ष मारोतराव म्हणाले, "मंग काय हरकत आहे?" आन् मी गेली. शेवटचा टप्पा माह्या हातात दिला. गावात शिरली तं बाया रस्त्यावर पाणी टाकत होत्या, म्हाताऱ्या माह्या पाया पडत होत्या. खोटं कायले बोलू, लय छान वाटलं. अठरा वर्षाच्या पोरीले दुसरं काय पाहिजे?

तवापासून घरात मी म्हणजे सोवळं. कुळाचार मीच करायचा, घट मीच बसवायचा. माही वहिनी कौसल्या दर महिन्याले मागच्या पडवीत बसे, तिले आई दुरून ताट सरकवे आन् वरून म्हणे, "पाह्य जरा आमच्या अर्पिताकडे." वहिनी खाली मान घालून जेवे.

लग्न तिशीत झालं. कपिल वीज खात्यात आहे, साधा माणूस. तो म्हणे डॉक्टरकडे जाऊ, मी म्हणो धावणं सोडलं की येईल, सरायनं सांगतलं आहे. धावणं सोडलं. नाही आली. मंग ज्या बाया माह्या पाया पडत होत्या, त्याच कोणाच्या डोहाळजेवणात ओटी भराच्या वेळी मले ओलांडून पुढच्या बाईकडे ताट नेऊ लागल्या. कपिल काही बोलत नाही. दर महिन्याले नुसता डोळ्यानं विचारते. ते बोलण्यापेक्षा वाईट.

रिपोर्ट घेऊन मी घरी गेलीच नाही. कपिलले काय तोंड दाखवू? सरळ गावाची बस धरली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती.

माहेरी पोचली तं अंगणात सोनू बसली होती, माह्या अंकुरदादाची पोरगी, अकरावीतली. केसं धुतलेली, नवा ट्रॅकसूट, कपाळावर कुंकू. मी तिच्या मांडीवर हात ठेवला तं हाडच लागलं हाताले. ती नडगी चोळत होती.

"आत्या, या वर्षी ज्योत माह्याकडे आहे!"

मी आत गेली. आई पुऱ्या तळत होती.

"आई, सोनूले पाळी कवापासून नाही?"

"अव, दिवाळीपासून नाही!" आई हसून म्हणाली. "तुह्यासारखीच निघाली. घनश्याम सर बी म्हणते, बॉडी सेट झाली."

मी रिपोर्टची पिशवी पाटावर आपटली. पुऱ्याचं तेल उडालं. "माही कायमची गेली, आई! संपलं माह्यं! हाडं म्हातारीची झाली, लेकरू होत नाही. देवीनं नाही बंद केली. आपण कोणी पाहिलं नाही म्हणून हे झालं. त्या पोरीले आज माह्यासोबत डॉक्टरकडे पाठव."

आई रडली, माह्या तोंडावरून हात फिरवला. मले वाटलं समजलं तिले. मंग डोळे पुसून म्हणाली, "उद्या ज्योत येऊ दे माय. मंग नवरात्र झालं की नेऊ."

दादा दारातून म्हणाला, "मंडळानं बॅनर छापला तिचा. आता कसं नाही म्हणू? दसऱ्यानंतर पाहू ना."

"दसऱ्यानंतर सरायची राज्य स्पर्धा येईल, मंग दिवाळीनंतर पाहू म्हणसान! माह्यं असंच पाहता पाहता गेलं."

वहिनी पुढं आली. ती म्हणाली, "ताई, तुमची पूजा झाली तवा तुम्हाले काही वाटलं नाही. माह्या पोरीची वेळ आली तं रिपोर्ट आणला."

सोळा वर्षं माह्या नावानं टोमणे खाल्ले तिनं. मी फक्त म्हटलं, "कपिलले अजून माहीत नाही. कोणी सांगू नका." आईनं मान हलवली.

दुपारून देवळापुढं टेम्पो लागला. झेंडूच्या माळा, डीजे, गुलाल. पोट्टे अनवाणी उभे. सोनू सगळ्यायच्या पुढं. घनश्याम सर टोपी घालून तिच्या खांद्यावर हात ठेवून होते. मी त्यायले बाजूले घेऊन सांगतलं. ते म्हणाले, "तू आजारी पडली म्हणून सगळ्या पोरी आजारी कशा पडतील? तिच्या करिअरचं पाहा." मारोतरावायले सांगतलं. ते म्हणाले, "देवीच्या कामात डॉक्टर कायले आणता ताई?"

हाडं म्हटलं, कोणी ऐकलं नाही. लेकरू म्हटलं, कोणी ऐकलं नाही. या गावात पोरीले थांबवणारी एकच गोष्ट आहे, ते मले तवा सुचलं. मारोतरावायनं नारळ उचलला. मी ओरडली, "थांबा! सोनूले अडचण आली!"

डीजे बंद झाला. सर सोनूपासून दूर सरकले. ज्याले त्याले आपला पाय मागं घ्यायची घाई. आई ओरडली, "खोटं बोलते ही! पोरीले विचारा!"

मारोतरावायनं सोनूकडे न पाहता विचारलं, "खरं काय ते सांग बाई. देवीपुढं उभी आहेस."

सोनू माह्याकडे पाहू लागली. डोळ्यात असा राग! मले वाटलं, आता म्हणते आत्या खोटारडी आहे. मी तिच्या नडगीकडे पाहिलं. तिनं बी खाली पाहिलं. त्या दुखऱ्या पायावर ती किती दिवसांपासून गप्प राहून पळत होती, ते मले तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हो," ती म्हणाली. "आली."

वहिनीनं कपाळावर हात मारला. दादा गर्दीतून निघून गेला. बायायनं सोनूभोवतीची जागा मोकळी केली, आन् ती तिथं एकटी रडत उभी राह्यली, नवा ट्रॅकसूट घालून.

मले वाटलं, सुटलो. पण मारोतरावायनं घड्याळ पाहिलं, बॅनर पाहिला, मंग माह्याकडे पाहिलं. "बॅनरवर तुमच्याच घरची पोरगी आहे. मंग तुम्हीच चला ताई. शेवटचा टप्पा चालत घ्या पाहिजे तं. तुम्हाले तर अडचण येतच नाही."

सगळे माह्याकडे पाहू लागले. हारवाला पोट्टा हार घेऊन पुढं बी आला. जे गेलं म्हणून मी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, त्याच्याच नावानं हे मले हार घालाले निघाले होते. मले असा संताप आला का डोळ्यापुढं अंधारी आली.

"मले बी आली," मी म्हटलं. चारचौघात, मोठ्यानं. "आजच आली."

आन् काय सांगू, बोलताना क्षणभर खरंच वाटलं. इतकं बरं वाटलं मले, इतकं बरं वाटलं!

ज्योत आणाले पोट्टे गेले. मी आन् सोनू मागच्या पडवीत बसलो. ती माह्यापासून सरकून बसली. वहिनीनं दुरून ताटं सरकवली, पुऱ्या, भाजी, खीर. मी सोनूले म्हटलं, "खाय. उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ." ती पुरी मोडत बसली.

तेवढ्यात आई आली. जवळ येऊ शकत नव्हती, म्हणून उंबऱ्यावरच थांबली. तोंड हसरं, डोळ्यात पाणी, हातात गुळाचा खडा.

"खरंच आली ना माय? डॉक्टरले काय समजते! माह्या देवीनं ऐकलं." तिनं गूळ लांबूनच माह्या ताटात टाकला. "मी जावईबापूले फोन केला. रिपोर्टचं काही नाही सांगतलं, हो! फक्त चांगलं तेवढं सांगतलं."

माह्या मांडीवरचा फोन वाजू लागला. कपिल होता.

"अर्पिता," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून इतका खुश आवाज मी ऐकला नव्हता. "आई म्हणते ते खरं आहे का गं? मी आताच निघतो. पेढे आणू का?"

सोनू माह्याकडे पाहून राह्यली होती. उंबऱ्यावर आई पाहून राह्यली होती. "बोल ना," कपिल म्हणाला. "बोल ना गं, आली ना?"

मी सोनूच्या ताटात आणखी एक पुरी टाकली.