सोललेली कड

लॅबमधल्या मॅडमच्या नादी कुणी लागत नसे. गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर की साधी गाठ, ते सांगणं हे त्यांचं काम, आणि वीस वर्षांत त्यांचा शब्द कुणी खोडून काढला नव्हता. त्याचा थोडा ताठा होताच. मागच्या आठवड्यात मेणकाकांचे काप फाटके निघाले, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी काकांना फैलावर घेतलं. "सुरी तुमची बोथट आणि डोळे माझे फुटायचे! पुन्हा असले काप आणलेत तर याद राखा."

मेणकाका तिथले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून बारीक काप काढण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी ते बोलणं मनाला लावून घेतलं.

सोमवारी एका वायरमनची गाठ आली. वय सव्वीस, मांडीच्या स्नायूत, महिनाभरात वाढलेली; कागदावर एवढंच होतं. मॅडमनी स्लाइड लावली आणि मान हलवली. पेशींची नुसती झुंबड, जिकडे बघावं तिकडे एकीच्या दोन होणाऱ्या, मध्ये कच्च्या हाडाचे वेडेवाकडे धागे. एक्स-रे मागवावा असं वाटलं, पण टेबलावर अजून अकरा स्लाइड पडल्या होत्या. त्यांनी हाडाचा कॅन्सर लिहिला आणि सही ठोकली. पाय गुरुवारी सकाळी मांडीपासून काढायचं ठरलं.

बुधवारी वायरमनची बायको दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, शिडीवरून घसरले होते ते. मांडीला मुका मार बसला होता. त्याचं तर नसेल ना हे?"

"मारानं कॅन्सर होत नाही," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. ती निघून गेली.

गुरुवारी दहा वाजता मेणकाका एक स्लाइड घेऊन आले. चेहरा कसा खुललेला.

"बघा मॅडम. एक तरी चरा दिसतोय का?"

मॅडमनी बघितलं. काप खरंच देखणा होता. बाहेरच्या कडेला पक्कं, रेखीव हाड, त्याच्या आत अर्धकच्चं, आणि अगदी आत ओळखीची झुंबड. मार लागलेल्या स्नायूत कधी कधी भलतंच हाड धरतं, ते असंच दिसतं. कॅन्सर असता तर कड विस्कटलेली असती, पेशी शेजारच्या स्नायूत घुसल्या असत्या. हे हाड काही महिन्यांत आपलं आपण शांत होतं.

"छान. कुणाचं हे?"

"त्या वायरमनचं. गाठीभोवती टणक साल होती. सुरी खराब होऊन तुम्ही परत रागवाल, म्हणून सोलून काढली आणि आतलं मऊ तेवढं तुम्हाला दिलं. साल तीन दिवस ॲसिडमध्ये ठेवून मऊ केली. म्हटलं, मॅडमना दाखवू, आपल्यालाही येतं म्हणून."

मॅडमनी ऑपरेशन थिएटरचा फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. फोन टाकून त्या पळत सुटल्या. पन्नाशीची बाई दोन-दोन पायऱ्या चढतेय, हे दवाखान्यात पहिल्यांदाच दिसत होतं.

वरच्या वळणावर वॉर्डबॉय भेटला. हातात झाकणाची मोठी पांढरी बादली, दांड्याला चिठ्ठी बांधलेली.

"तुमच्याकडेच निघालो होतो, मॅडम. तपासणीला पाठवलाय. इथेच सही करताय का?"

मॅडमनी बादलीला हात लावला. ती अजून कोमट होती.

थिएटरबाहेरच्या बाकावरून बायको उठून जवळ आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू.

"सकाळपर्यंत नाहीच म्हणत होते हो ते. मीच रडून-भेकून सही करायला लावली." तिनं मॅडमचा हात धरला. "बरं केलं ना मी?"