डोंगरपारडीची एस्टी

"काका, काटोलहून फोन आहे. बाजारात बोंब उठली." श्वेताने फोन प्रेमानंदसमोर धरला.

या कचेरीत प्रेमानंद बावीस वर्षं प्रोग्राम लिहीत होता. काटोलच्या संत्रा बाजारात लिलावाला पहिला नंबर कोणाचा, हे ठरवणारा प्रोग्राम त्याचाच. गेल्या आठवड्यात श्वेताने तो एआयकडून अर्ध्या दिवसात नवा करून घेतला. तिला येऊन चार महिने झाले होते. दिवाळीनंतर दोघांपैकी एकच राहणार, हे मालक संजीवने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

फोनवर कवडू अडत्या तडकला होता. "डोंगरपारडीवाले शेवटी लावले गा तुमच्या मशीननं! दोनची एस्टी गेली त्यायची. म्हातारे क्रेटवर बसून राहिले इथं."

प्रेमानंदने नवा कोड पाहिला. चकाचक होता. जो आधी आला, त्याचा नंबर आधी.

"इथं माही एक ओळ होती. बारा वाजले का डोंगरपारडी सगळ्यात आधी. तिकडं दिवसाले एकच एस्टी जाते."

"एआय म्हणे, फालतू ओळ आहे. मी हो म्हटलं."

"तुलेच माहीत नाही, तर त्याले कोण सांगन वं?"

त्याने एआयला दोन वाक्यं टाइप केली. चहा यायच्या आत काम झालं. आधी याच कामात त्याचा अख्खा दिवस गेला असता.

संजीव मागे येऊन उभा होता. "प्रेमानंदभाऊ, तुमच्या हातात तर हे धावून राहिलं ना! असं करा, डोक्यात जे आहे ते सगळं श्वेताले लिहून द्या. आजच."

काहून, हे विचारायची गरज नव्हती. प्रेमानंद लिहायला बसला. पाचपर्यंत अडीच पानं झाली. एक गोष्ट त्याने लिहिली नाही.

"एवढंच, काका?"

"एवढंच."

त्याने डबा उचलला, दोन मजले उतरला, स्कूटरला किल्ली लावली. मग किल्ली काढली आणि परत वर गेला.

"गुरुवारी डोंगरपारडीची एस्टी एक वाजताच सुटते, त्या दिवशी अकरापासूनच त्यायले आधी. लिही. उद्या गुरुवार आहे."

"मघाशी काहून नाही सांगितलं?"

"लिही ना वं."

तिने टाइप केलं.

"उद्या अकराची यादी चालवून दाखव."

यादी हलली. डोंगरपारडी सरकत सरकत पहिल्या ओळीवर जाऊन थांबलं. प्रेमानंदने तेवढं पाहिलं, डबा या हातातून त्या हातात घेतला आणि जिना उतरू लागला.