घशापर्यंत माझी नजर गेली नाही

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. मित्रांनो, तुम्ही आता वयानं मोठे आहात म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतो आहे. लहान मुलं बसली असती तर मी माझ्या भिंगांच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेली असती.

लेनिनग्राडच्या एका कारखान्यात मी घडलो. माझी भिंगं घासणाऱ्या बायकांना वाटलं असेल, हा एखाद्या विद्यापीठात जाईल, फुलांचे पराग बघेल. माझ्या वाट्याला आला दूर डोंगरांमधल्या तलास खोऱ्यातल्या एका गावचा गुप्तरोगांचा दवाखाना. तिथं सहा नंबरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर मला ठेवलं, आणि तिथंच माझा जन्म गेला.

सुरुवातीच्या काळात कुणाला रोग निघाला की त्याला विचारत, कुणाकडून आणलास, कुणाला दिलास. नावांची यादी होई आणि कधी कधी त्या नावांच्या दारात शिपाई जाऊन उभा राही. मग लोक खोटं बोलायला शिकले. मागच्या फाटकानं यायचे, टोपी डोळ्यांवर ओढून. एका आठवड्यात तीन असान आणि चार उसेन यायचे, आणि त्यातल्या एकाचंही नाव असान किंवा उसेन नसायचं. बायका म्हणत, थंड दगडावर बसले म्हणून झालं. पुरुष म्हणत, सार्वजनिक हमामातून आलं. मी सगळं ऐकून घ्यायचो आणि काचपट्टीत बघून खरं काय ते सांगायचो.

परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, जंतू मला लांबूनही ओळखू येतात. रंग दिलेल्या काचपट्टीवर ते जोडीजोडीनं बसलेले असतात, राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तसे. आमच्या खोऱ्यात घरोघर राजमा पिकतो, त्यामुळे ही खूण कुणालाही पटकन समजते. काचपट्ट्या रंगवणाऱ्या साल्कीन-एजे, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या ताई, सगळ्यांना सांगायच्या, "माणूस फसवेल, हा नाही फसवणार." हे ऐकून मी फुगत गेलो, हे कबूल करतो.

मग मिर्गुल नावाची तरुण डॉक्टर आली. तिनं येताना लांब काड्यांच्या नळ्यांचं एक खोकं आणलं. त्या काडीनं नमुना घ्यायचा, नळीत बंद करायचा आणि गाडीनं राजधानीला, बिश्केकला, पाठवायचा. मला त्या खोक्याचा पहिल्या दिवसापासून संशय होता. मी इथं धडधाकट बसलेलो असताना नमुना चार डोंगर ओलांडून पाठवायची गरजच काय? शिवाय ही पोरगी प्रत्येकाला नको ते विचारायची. संबंध कसा आला? तोंडानं आला का? साल्कीन-एजे काचपट्ट्यांकडे तोंड फिरवून बसायच्या.

राजम्याची मळणी आटोपली होती, तेव्हा बुरूल आली. सव्वीस वर्षांची, गावातल्या शाळेत शिवण शिकवणारी. तिची काचपट्टी माझ्याखाली आली आणि जोड्या दिसल्या. परमा. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा समत आला, राजम्याची पोती ट्रकनं सीमेपलीकडच्या अल्माटीला नेणारा. त्याचीही काचपट्टी आली. मी नीट पाहिलं, कोपरान् कोपरा पाहिला. एकही जोडी नव्हती. साल्कीन-एजेंनी चिठ्ठीवर लिहिलं, स्वच्छ.

त्या चिठ्ठीनं काय केलं ते ऐका. समतची आई बाहेर बाकावर बसली होती. चिठ्ठी हातात पडताच ती आत आली.

"डॉक्टरबाई, माझा मुलगा स्वच्छ आहे ना? मग हिनं कुठून आणलं?"

"अपा, मी कुठंही गेले नाही," बुरूल सासूला म्हणाली.

"शाळेत शिवण शिकवतेस की काय शिकवतेस ते बघते मी. समत, हिला आजच्या आज हिच्या बापाच्या दारात सोडून येऊ."

समत जमिनीकडे बघत होता. मला संशय आला. खोटं बोलणारे मी हजारांनी पाहिले आहेत, ते डॉक्टरकडे बघतात. लाजणारे खाली बघतात. पण माझीच चिठ्ठी त्याच्या बाजूनं होती, तेव्हा मी स्वतःला समजावलं, की आपलं चुकत नाही.

मिर्गुलनं आईला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं. "शेवटचे एकत्र कधी झोपलात?"

"त्रास सुरू व्हायच्या आधी. नंतर नाही," बुरूल म्हणाली.

"समत, अल्माटीत कुणाशी संबंध आला? तोंडानं आला असला तरी सांगा."

"नाही. आणि तसलं काम आपल्यातला पुरुष करत नाही. तुम्ही शहरात शिकलात म्हणून काहीही विचाराल का?"

इथलं हे असं आहे. अल्माटीत बाई आहे म्हटलं, तर ट्रकवाले हसून पाठ थोपटतील. पण बाईला तोंडानं सुख दिलं असं कळलं, तर तेच मित्र त्याच्या पियालीतून चहा पिणार नाहीत, त्याच्याशी हात मिळवणार नाहीत. चहाच्या पियालीतून हा रोग जात नाही, हे त्यांना कोण सांगणार?

बुरूलनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "डॉक्टर, ह्याचा घसा तपासा."

"गप्प बस."

"तपासा. घरात हा काय करतो ते मला माहीत आहे."

"माझा घसा दुखत नाही," समत म्हणाला. "आणि मी तेव्हाच वोडकानं गुळण्या केल्या होत्या."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मिर्गुल हसली नाही, ओरडलीही नाही. तिनं काडी काढली. "घशातला परमा बहुधा दुखत नाही, गुळण्यांनी जात नाही आणि लघवीच्या जागेच्या तपासणीत दिसत नाही. मुखमैथुनातून तो घशात जातो, आणि घशातून जोडीदाराला होऊ शकतो. आ करा."

मी वाट बघत होतो, की त्या काडीची काचपट्टी करून माझ्याखाली ठेवतील. ठेवली नाही. बिश्केकला पाठवायला काडी नळीत बंद करत मिर्गुल साल्कीन-एजेंना म्हणाली, "घशात परम्याच्या जंतूंसारखेच दिसणारे निरुपद्रवी जंतू राहतात, एजे. इथं हा सांगू शकत नाही." हा म्हणजे मी. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं, आणि ते खरं होतं. किती स्वच्छ चिठ्ठ्या मी दिल्या असतील, आणि त्या घेऊन किती बायकांना कुणी कुठं नेऊन सोडलं असेल? तेव्हापासून माझा माझ्यावरही विश्वास नाही.

दोघांना सुई दिली. सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतलं. एचआयव्हीचा धोका तोंडाच्या संबंधात फार कमी असतो, सिफिलिसचा मात्र असतो, आणि दोन्ही रक्तात दिसायला आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या, असं मिर्गुलनं बजावलं. सासू बाहेर म्हणत होती, "बिश्केकचा निकाल यायला पाच दिवस आहेत, तेवढं थांबते. निकाल आला की मी हिला ठेवून घेणार नाही."

पाचव्या दिवशी निकाल आला. समतच्या घशात परमा होता.

मला वाटलं, सुटली बिचारी. पण समत कागद वाचून म्हणाला, "म्हणजे हिच्याकडून माझ्या घशात आला असेल. असं होऊ शकतं ना?"

खोटं मिर्गुलला बोलता आलं असतं. "होऊ शकतं," ती म्हणाली. "कुणी कुणाला दिला, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते तुम्हालाच माहीत आहे."

बुरूलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आता तिला वाचवणारं जगात एकच तोंड होतं, आणि त्या तोंडावर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

समत उठला, दार उघडलं. बाकावर आई होती, तिच्याशेजारी आणखी दोन माणसं होती, त्यातला एक समतच्या बरोबरचा ट्रकवाला होता.

"कुणाचा निघाला?" आईनं विचारलं.

"माझा. अल्माटीतून मीच आणला."

"तुझा कागद तर स्वच्छ होता."

"तो कागद खालचा होता, अपा. रोग घशात आहे."

ट्रकवाल्याला समजलं. तो उठून खिडकीपाशी गेला. समतनं ते पाहिलं आणि तसाच उभा राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा माझा संशय खोटा ठरला, आणि मला बरं वाटलं.

आई सुनेला म्हणाली, "चल घरी, पोरी."

"मी माहेरी जाते, अपा. तुम्ही सोडणार होतात, मी आपल्या पायांनी जाते. ह्याची तपासणी पुन्हा व्हायची आहे, तोवर मी तिकडे असेन."

घशातला परमा हट्टी असतो, म्हणून उपचारानंतर दोन आठवड्यांनी परत नमुना घेतात. दोघं आले, ती माहेरून, तो घरून, बाकाच्या दोन टोकांना बसले. पुढे निकाल आला तेव्हाही तसेच आले. कागदावर लिहिलं होतं, जंतू नाहीत. समतचा जीव भांड्यात पडला. बुरूलनं कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि डॉक्टरला विचारलं, "नमुना घशाचाच होता ना?"

मित्रांनो, आता माझ्यावर कापड टाकलेलं असतं आणि आठवड्यातून एकदाच ते निघतं. मला पुसा असं मी म्हणत नाही. पण तुमच्यापुढे कुणी स्वच्छ म्हणून चिठ्ठी सरकवली, तर बुरूलसारखं विचारा, तपासलं कुठं? आणि डॉक्टरनं विचारलं तर जे जिथं झालं ते तिथलं सांगा. तुमच्या लाजेपायी दुसऱ्या कुणाला तरी घराबाहेर उभं राहावं लागतं.