ओठांवरच्या रेघा

घड्याळजी पस्तीस वर्षं साप पकडत होते, तेही फुकट. फोन आला की घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं काम अर्धवट टाकून पळायचे, म्हणून बायको कुरकुरायची. हल्ली सोबत सून यायची. तिचा हात तयार झाला होता, पण विषारी सापाच्या वाटेला ते तिला अजून जाऊ देत नव्हते.

त्या सकाळी पोल्ट्रीवाल्या बाईंनी बोलावलं. कोंबड्यांच्या खाद्याच्या खोलीत, पोत्यांमागे लांबलचक तपकिरी साप निपचित पडला होता. घड्याळजींनी वाकून पाहिलं.

"धामण आहे. उंदरांमागे आलीय," म्हणत त्यांनी शेपटीकडे हात नेला. धामण ते नेहमी हातानेच उचलत.

"बाबा, थांबा," सून हळूच म्हणाली. "ओठांवर काळ्या रेघा नाहीत."

हात जागीच थांबला. धामणीच्या ओठांवर उभ्या काळ्या रेघा असतात, डोळे टपोरे असतात, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. रेघा नाहीत की आपल्याला दिसत नाहीत, हेच त्यांना कळेना.

"गळ्याखाली बघ."

"रुंद काळा पट्टा आहे."

तिने लोखंडी आकड्याने पोतं जरासं सरकवलं. साप फुत्कारत उभा राहिला आणि त्याने फणा पसरला. घड्याळजी दोन पावलं मागे सरकले.

"नाग," ते म्हणाले. "तूच धर आता."

तिने घाई न करता त्याला पिशवीत घेतलं.

"लांब डोंगरापलीकडे सोडा," पोल्ट्रीवाल्या बाई म्हणाल्या.

"अनोळखी जागी भटकून मरेल तो," घड्याळजी म्हणाले. "त्याचं घर इथेच, ओढ्याकाठच्या बांधावर, वारुळात. तुमची खोली म्हणजे त्याची खानावळ. उंदरांची बिळं बुजवा, पोती फळ्यांवर ठेवा, मग तो कशाला येतोय?"

बाईंना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी बांधाची वाट दाखवली. पिशवी सोडताच नाग वारुळाच्या भोकात सुळकन गेला.

परतताना घड्याळजींनी आकडा सुनेकडेच राहू दिला.

"चार महिने झाले, बारीक काट्यांची कामं मी परत पाठवतोय," ते म्हणाले.

"माहीत आहे. गिऱ्हाइकं मला सांगतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आज मात्र थांबता आलं नाही."

पुढच्या वेळी आकडा घेऊन तीच आत गेली. घड्याळजी दारात उभे राहून बघ्यांना मागे रेटत होते. सापापेक्षा बघ्यांची जात जास्त हट्टी, असं त्यांचं मत झालं.