मांजर आणि गुडघा यांच्या मधे

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. वेबसाइटवर येणाऱ्या ऐसपैस लेखांना कापायचं, वर मथळा ठोकायचा, खाली मुद्दे पाडायचे, कामाचे शब्द ठळक करायचे, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "वाचक वाचत नाही, नजर फिरवतो," हे ती नव्या लेखकाला पहिल्याच दिवशी ऐकवी. शेजारचा चित्रकार म्हणे, "कात्रीबाई, बिचाऱ्याचं नाव तरी शाबूत ठेवा."

तिला लहानाचं मोठं केलं मावशीनं, शिलाई मशीनवर. फ्रॉक शिवताना मावशी शिवणीच्या आत भरपूर माया सोडी. पोरीचं अंग वाढतं, म्हणे. तिच्या ईमेलही तशाच. परिच्छेद नाही, पूर्णविराम भेटला तर नशीब. शेजारणीच्या मांजरापासून निघायचं, गुडघ्याला वळसा घालायचा आणि खिडकीतल्या रोपापाशी टेकायचं.

"मावशी, मुद्द्याचं आधी लिहावं गं," भाचीनं एकदा सांगून पाहिलं.

"मुद्द्याचं कुणी उंबऱ्यात मांडतं का, ठमे?"

मंगळवारी मावशीची ईमेल आली. भाचीनं पहिली ओळ वाचली: मांजर व्यायलं. शेवटची वाचली: रोपाला कळी धरली. मधे नजर फिरवली, आणि "छान, मावशी. असंच चालू दे," असं लिहून मोकळी झाली.

दहा दिवसांनी दुसरी आली. वर ठळक मथळा: माझा नवा पत्ता. खाली तीन मुद्दे. वृद्धाश्रमात खोली मिळाली. मशीन शेजारणीला दिली. काळजी नसावी.

इतकं सुटसुटीत लिखाण तिच्या हाताखालून आजवर गेलं नव्हतं. तिनं जुनी ईमेल काढली आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचली. मांजर आणि गुडघा यांच्या मधे लिहिलं होतं, "जिना चढवत नाही आता तुझ्याकडे यावं म्हणते एक कोपरा पुरे नाहीतर आश्रमवाल्यांना हो म्हणते तू सांगशील तसं."

तिनं फोन लावला. "मावशी, मी ते वाचलंच नव्हतं गं."

"मी तुझं वाचलं की. पाचच शब्द, पण सगळे वाचले."

"मी येते न्यायला. आत्ता."

"खोली महिन्यापुरतीच घेतलीय. तोवर लिहून कळव. फोनवर माणूस भरात काहीही बोलतं. आणि लांब लिही हो."

ती लिहायला बसली. तासाभरानं पडद्यावर एकच शब्द होता, तोही ठळक: ये.

तिनं तो पुसला, आणि मांजराला पिल्लं किती झाली, तिथून सुरुवात केली.